पुढचे नाव

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो आणि आपल्याला मोजता येते, असा माझा ठाम समज होता. समजाला आधार होता. जळगावच्या महाविद्यालयात माझे गणित चांगले होते, अक्षर चांगले होते, आणि दिलेले काम दिल्याप्रमाणे करण्याची सवय होती. या तीन गोष्टींवर देवरे सरांनी माझी निवड केली. सर अध्यापक महाविद्यालयात शिकवत. मूळचे धुळ्याकडचे, साक्री तालुक्यातले. वर्गात बांधेसूद मराठी बोलत. मन हलले की अहिराणीवर जात. त्या हिवाळ्यात त्यांनी जिल्हा परिषदेच्या काही शाळांची पाहणी हाती घेतली होती. प्रश्न एकच होता: एका वर्गात बसणाऱ्या सगळ्या मुलांना शाळा सारखे शिकवते का? बागायतदाराचे मूल आणि त्याच्या बागेतील मजुराचे मूल तिसरीत सारखे वाचते का?

प्रश्न पुस्तकी नव्हता. यावल तालुक्यातील काही गावांना, त्यांत आमचे गाव आले, मजुरांच्या मुलांसाठी एकेक जादा शिक्षक ठरावीक मुदतीपुरता मिळाला होता. मुदत संपत आली होती. सरांचा अहवाल पाहून जिल्ह्याची शिक्षण समिती ठरवणार होती की या जागा ठेवायच्या की काढायच्या. मुले सारखीच वाचत असतील तर जादा माणूस कशाला, असे समितीत उघड बोलले जात होते. आमच्या गावी त्या जागेवर तडवी गुरुजी होते. सातपुड्याच्या पायथ्याचे, सडसडीत, कमी बोलणारे. सकाळी सायकलवरून बागाबागांतून फिरून मुले गोळा करीत आणि मोठ्या वर्गाच्या पडवीत त्यांना वेगळे बसवून शिकवीत. त्यांच्या नोकरीचा आणि त्या पडवीतल्या वर्गाचा निकाल माझ्या हातातल्या कागदांवर अवलंबून होता. हे मला माहीत होते. त्यामुळे मी अधिकच काटेकोर होतो.

सरांनी मला एक खिशातले घड्याळ दिले होते, एक छापील वाचनपत्रक, आणि चार पानांचे सूचनापत्रक. रीत सोपी होती. तिसरीचा हजेरीपट मागायचा. वरून मोजत दर पाचवे नाव घ्यायचे. त्या मुलाला एकट्याला बाहेर बोलावून वाचनपत्रक हातात द्यायचे, घड्याळ लावायचे, आणि किती शब्द बरोबर वाचले ते तक्त्यात भरायचे. मूल त्या दिवशी आले नसेल तर त्याच्या नावापुढे ‘गै.’ लिहून पटावरचे पुढचे नाव घ्यायचे. मुलांची संख्या भरली पाहिजे, तक्ता अपुरा राहता कामा नये. ही शेवटची सूचना मला विशेष आवडली होती. तीत कोठे फट नव्हती.

आमचे घर गावाच्या कडेला होते. दोन विटांच्या खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागच्या दारातून सरळ बागेत जाता येई. माय मी सहा वर्षांचा असताना गेली. त्याबद्दल येथे अधिक लिहिणार नाही. घर चालवी ती अक्का, आबांची थोरली बहीण. आबा म्हणजे माझे वडील. सारे गाव त्यांना आबाच म्हणे. अक्काचा आवाज उंच होता आणि आबांचा जवळजवळ नव्हताच, त्यामुळे घरात जे काही ऐकू येई ते अक्काचे, भांड्यांचे आणि केळीच्या पानांचे. वारा सुटला की पाने उभी फाटतात. तो आवाज सतत असे, इतका की जळगावच्या खोलीवर राहायला गेल्यावर पहिले काही दिवस मला झोप येईना. कारण बरेच दिवस कळले नाही. पहाटे अक्का कळण्याच्या भाकरी थापायला बसे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले ते पीठ काळपट असे आणि भाकरी जाड. तिच्यावर लसणाची चटणी आणि कच्चे तेल. आता माझे दात ती भाकरी मान्य करीत नाहीत. मीही तिची आठवण काढत बसत नाही.

हिवाळ्याचे मुख्य अन्न म्हणजे भरीत. हिरवी, मोठी वांगी कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजायची, साल काढायची आणि बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट पात्रात, मुसळीने ठेचायची. हिरवी मिरची आणि लसूण आधीच ठेचलेला असे. संध्याकाळी गावात ज्या घरातून बडगीचा ठोका येई, त्या घरी काय शिजते आहे हे सांगावे लागत नसे. अक्काचा ठोका जड आणि सावकाश होता. तिच्या रागाचे मापही त्यावरून करता येई.

आठ गावांच्या शाळा करून मी शेवटी आमच्या गावी आलो. हे मुद्दाम केले होते. हात बसल्यावर आपल्या गावचे काम बिनचूक व्हावे, हा हेतू. हेडमास्तरांनी खुर्ची दिली, चहा मागवला, हजेरीपट समोर ठेवला. मी पाचपाच मोजत खुणा केल्या. खुणेच्या नावांपैकी बरीच नावे त्या दिवशी हजर नव्हती. मी ‘गै.’ लिहीत गेलो आणि पुढची नावे घेत गेलो.

तडवी गुरुजी पडवीतून पाहत होते. पाचव्या की सहाव्या ‘गै.’ला ते जवळ आले.

“भाऊ, ही मुलं गैरहजर नाहीत.”

“पटावर तसं आहे, गुरुजी.”

“पटावर आहे. पण मुलं कामावर आहेत. कापणी चालू आहे. दोन-तीन दिवस थांबा, मी बागांतून घेऊन येतो. आज एकदम आलात, मला कळवलंही नाही.”

“कळवायचं नसतं. आधी कळवलं तर शाळा तयारी करते, असं सूचनापत्रकात आहे.” मी पान उघडून त्यांना दाखवले. “आणि थांबण्याची तरतूद नाही.”

गुरुजींनी पान वाचले. सगळे वाचले, घाई केली नाही. मग ते म्हणाले, “बरोबर आहे. घ्या पुढचं नाव.”

त्यांच्या आवाजात चीड नव्हती. चीड असती तर मी थांबलो असतो, असे मला आज वाटते. पण या वाटण्याला अर्थ नाही. मी पुढचे नाव घेतले.

तक्ता दुपारपर्यंत पूर्ण झाला. निकाल उत्तम होता. नऊ गावांत आमचे गाव पहिले. जवळजवळ प्रत्येक मुलाने पत्रक न अडखळता वाचले. हेडमास्तर मला फाटकापर्यंत पोचवायला आले. संध्याकाळी जेवताना मी ही बातमी घरी सांगितली. आबांनी मान हलवली. ते शाळेच्या गाव-समितीवर होते आणि गावाचे बरे झाले की त्यांना बरे वाटे. अक्का भरीत वाढत होती.

“कोनाकोनाचे पोरं इचारले तू?” तिने विचारले.

मी आठवतील ती नावे सांगितली. अक्का प्रत्येक नावाला ‘हं’ म्हणत होती. सांगून झाल्यावर तिने वाडगे खाली ठेवले.

“हे तं सारे आपल्याच आळीचे. याहिले वाचता येते हे तं मीबी सांगतलं असतं. त्याच्यासाठी जयगावचं घड्याय कशाले लागते?”

“नावं मी निवडली नाहीत, अक्का. नियमानं आली.”

“आनि आपल्या बागातल्या रेमसिंगचे? सुरमलचे? त्याहिचे पोरं नाई का शायेत?”

“ते नव्हते आज.”

“मंग गाव पास झालं म्हनतो ते कोनतं? बरं झालं. आता त्या कागदालेच शायेत धाडा, लय हुशार आहे तो.”

आबा हसले. मी हसलो नाही. मला वाटले, अक्का कधी शाळेत गेली नाही, तिला नमुना म्हणजे काय हे कसे समजणार. हे मी तोंडाने बोललो नाही, एवढीच त्या दिवसातील माझी जमेची बाजू.

दुसऱ्या दिवशी तक्ते स्वच्छ उतरून काढायचे होते. घरात अक्काचे आवाज, म्हणून मी कागद घेऊन बागेत गेलो. मृगबागेची, म्हणजे मृगात लावलेल्या केळीची, कापणी चालू होती. केळीची कापणी सकाळची असते. माणसे कोयत्याने घड उतरवतात, खांद्यावर पाल्याची चुंबळ ठेवून बांधावर आणतात. तेथे आधी वाळलेला पाला अंथरलेला असतो, त्यावर घड मांडायचे आणि वरून हिरवी पाने झाकायची, म्हणजे ऊन लागत नाही. पाला अंथरणे आणि पाने झाकणे ही कामे बायकांची आणि मुलांची. हे सर्व अकरा-बारापर्यंत आटोपते. त्यानंतर काहीच काम नसते. व्यापाऱ्याचा ट्रक स्टेशनावर वॅगन लागल्याशिवाय येत नाही. वॅगन केव्हा लागेल हे कोणी सांगू शकत नाही. ट्रक आला की घड भरायला सगळे हात हवेत, म्हणून कोणी घरी जात नाही. सगळे बांधावर बसून राहतात. तीन वाजेपर्यंत, कधी चारपर्यंत. मी जन्मापासून हे पाहत आलो होतो आणि त्या दिवशीही पाहिले, म्हणजे न पाहता शेवरीच्या सावलीत जाऊन बसलो.

अक्का ताकाची कळशी घेऊन आली होती. तिच्या मागे भुरी होती, रेमसिंग बारेल्याची मुलगी. दहाएक वर्षांची. ती रांगत होती तेव्हापासून आमच्या बांधावर होती. तिचे आईबाप बागेच्या कडेच्या झोपडीत राहत. मला तिने ताकाचा पेला दिला आणि ती माझ्यासमोर उकिडवी बसली. माझे कागद तिच्या बाजूने उलटे होते. तिने मान वाकडी करून एका ओळीवर बोट ठेवले.

“हे माहं नाव आहे.”

मी पाहिले. ओळीवर नाव होते ‘शोभा रेमसिंग बारेला’. त्यावर माझी सरळ, पट्टी लावून मारलेली रेघ होती आणि पुढे ‘गै.’

“तुझं नाव भुरी.”

“भुरी घरचं. हे शायेतलं. गुरुजीनं ठेवलं.”

हे मला ठाऊक असायला हवे होते. पायथ्याच्या गावांत शाळेत घालताना गुरुजी मुलांना पटासाठी एक ‘चांगले’ नाव देत आणि सगळ्यांची जन्मतारीख एक जून लिहीत. ते नाव शाळेत पुकारले जाई, बागेत कोणी ते वापरत नसे. मी पटावर शोभा वाचली होती आणि बांधावर भुरीला पाहिले होते. दोघी एकच आहेत हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मी कोणाला विचारले नव्हते.

“मंग तू खोडलं काहून?” तिने विचारले.

“तू गैरहजर होतीस.”

“मी तं इथंच व्हती.”

अक्का कळशीपाशी उभी होती. तिने बोलण्याची संधी सोडल्याचे माझ्या आठवणीत हे एकच उदाहरण आहे.

मी पिशवीतून वाचनपत्रक काढले आणि भुरीच्या हातात दिले. घड्याळ लावले. तिने पत्रक पाहिले, पहिल्या ओळीतील दोन शब्द वाचले, तिसऱ्यावर थांबली. मी नियमाप्रमाणे थांबलो आणि मग शून्याच्या जवळचा आकडा लिहिला. येथे माझे काम संपत होते. पण ते दोन शब्द तिने अडखळत वाचले नव्हते. स्वच्छ वाचले होते. हे मला खटकले. मी तिला विचारले, पुस्तकातले काय येते? तिने पहिला धडा सांगितला, दुसरा, तिसरा, चौथा. पाठ असेल म्हणून मी काडीने मातीत त्या चार धड्यांतील अक्षरांचे नवे शब्द लिहिले, पुस्तकात कोठेही नसलेले. तिने सगळे वाचले. पाचव्या धड्यात येणारे एक जोडाक्षर लिहिले. ती थांबली.

“हे?”

“हे पुढचं आहे.”

“मग पुढचं का येत नाही?”

तिने माझ्याकडे, प्रश्न समजला नाही अशा माणसाकडे पाहावे तसे पाहिले. “पुढचं पोयाच्या मांगून राह्यते. तवा आमी बागात.”

पोळा झाला की मृगबागेची कापणी लागते. जूनला शाळा उघडल्यापासून पोळ्यापर्यंत जेवढे शिकवले जाई तेवढे तिला येत होते, पक्के येत होते, कारण दर जूनला तिचे पुस्तक पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू होई आणि तेवढेच ती तीन वर्षे तीनदा शिकली होती. त्यापुढचे एकदाही नाही. मी इतर मुलांना बोलावले. खोडलेल्या नावांपैकी भुरी धरून सातजण त्याच बांधावर निघाले. सुरमलचा मुलगा, त्याची बहीण, आणखी काही. एकेकाला मातीत अक्षरे घालून पाहिली. कोणाला थोडे कमी, कोणाला थोडे जास्त. पण सगळ्यांची वाट एकाच ठिकाणी तुटत होती.

“आणि आता काय करता येथे बसून?” मी विचारले.

“ट्रकची वाट पाह्यतो,” भुरी म्हणाली. “तीन वाजेलोक.”

मी घड्याळ पाहिले. साडेबारा झाले होते.

या ठिकाणी थोडे थांबून आजचे सांगतो. पुढे मी धुळ्यात याच कामात आयुष्य घालवले. आता निवृत्त आहे. गेल्या वर्षी दोन तरुण माणसे शाळांच्या पाहणीचे काम करताना मला भेटायला आली. त्यांच्या हातात टॅब होते. मुलाचे नाव टॅबच निवडतो, वेळ टॅबच मोजतो. मी विचारले, मूल आले नसेल तर? मुलगी उत्साहाने म्हणाली, “काही अडचण नाही आजोबा, स्क्रीनवर लगेच दुसरं नाव येतं.” मी त्यांना चहा दिला आणि दीड तास बसवून ठेवले. त्यांना तो वेळ लांब वाटला असेल. मला त्याची खंत नाही.

त्या दिवशी मी नवे तक्ते आखले. त्यात एक रकाना वाढवला: ‘गैरहजेरीचे कारण व ठिकाण’. सातही मुलांपुढे ‘केळी कापणी’ लिहिले आणि ठिकाण म्हणून बागेच्या मालकाचे नाव. संध्याकाळी आबांनी तक्ता पाहायला मागितला. त्यांनी चष्मा लावला, पान दिव्याकडे कलते केले.

“माह्यं नाव आहे.”

“हो.”

“सात जागी.”

“हो.”

“दुसऱ्याच्या बागात नाईत का पोरं?”

“असतील. उद्या जातो. सापडतील तेथे त्यांचीही नावं लिहीन.”

आबांनी कागद गुडघ्यावर ठेवला. “मी कोनाले शायेत जायाले आडोलं का रे? सांग. एकाले तरी?”

बडगीचा ठोका थांबला. अक्का आतून म्हणाली, “आडोलं नाई. बलावलं. कापनी लागली का तूच सांगावा धाडतो ना, सारे या म्हून? सारे म्हनलं का पोरंबी येतात. मी ताक देते त्याहिले रोज, मले माहीत आहे कोन किती उंचीचं आहे.”

आबांनी कागद उचलून पुन्हा वरपासून वाचला. गाव-समितीच्या सभासदाचे नाव जिल्ह्याच्या अहवालात सात वेळा जाणार होते. पहिल्या नंबरचे गाव खाली येणार होते, आणि ते त्यांच्या मुलाच्या हाताने. शेवटी त्यांनी कागद परत दिला.

“खाडाखोड करू नको,” ते म्हणाले. “कागद खराब दिसते.”

चार दिवसांनी मी जळगावला सरांच्या टेबलावर दोन्ही तक्ते ठेवले आणि सांगितले की माझे काम चुकले आहे. सरांनी पहिला तक्ता पाहिला, मग दुसरा. मग सूचनापत्रक मागवले आणि ती शेवटची सूचना दोनदा वाचली. मला वाटले आता कामावरून जाणार.

“जी मुले शाळेत नाहीत त्यांच्याविषयी आपला प्रश्न होता,” सर म्हणाले, “आणि ती नसली की त्यांच्या जागी असलेली मुले घ्या, असे आपणच लिहिले.” मग कागद टेबलावर आपटून, “हाई बठ्ठं मन्हंच चुकनं, भाऊ. तू फक्त नीट पाळं.”

आयुष्यात मला मिळालेली ही सर्वांत कठोर शाबासकी. मी नीट पाळले होते.

सरांनी अहवाल पुढे ढकलला. मला पुन्हा नऊ गावांना पाठवले, आणि या वेळी काम फक्त ‘गै.’ लिहिलेल्या नावांचे. कोठे केळीच्या बागेत, कोठे कापसाच्या वेचणीत, कोठे घरी धाकट्या भावाला घेऊन बसलेली. मी नाव घेऊन नावामागे गेलो. तडवी गुरुजींनी स्वतःची सायकल दिली. देताना म्हणाले, “चेन उतरते. उतरली की थांबायचं. आता थांबण्याची तरतूद आहे ना?” त्यांनी केलेली ही एवढीच थट्टा. गावात मात्र बोलणे चालू झाले. हेडमास्तर मला पाहून दुसरीकडे पाहू लागले. पारावर कोणी म्हणाले, आबाच्या पोरानं गावाचा नंबर घालवला, शिकवून हेच मिळते. आबांच्या कानावर ते गेले असणार. ते नेहमीप्रमाणे पारावर बसत राहिले.

समितीची बैठक जळगावला झाली. सरांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लावले. एकात आमचे गाव पहिले होते, दुसऱ्यात सातवे. एका अधिकाऱ्याने विचारले की एकाच शाळेचे दोन निकाल कसे. सरांनी मला उभे केले.

“पहिल्या वेळी जी मुले शाळेत होती त्यांनाच विचारले, साहेब. दुसऱ्या वेळी पटावर होती त्यांना.”

“म्हणजे पहिले काम चुकीचे. कोणी केले?”

“मी.”

सर बसल्या जागेवरून म्हणाले, “नियम माझा होता.” मग त्यांनी पोळ्याची गोष्ट सांगितली आणि ट्रकची. मुलांना येत नाही असे नाही, पोळ्यापर्यंतचे येते. जादा शिक्षक पडवीत बसवून उपयोग नाही, कारण मुले पडवीत नाहीत. साडेबारा ते तीन ती बांधावर मोकळी असतात. शिक्षकाची जागा ठेवा आणि कापणीच्या दिवसांत त्याला बांधावर जाऊ द्या. अधिकारी म्हणाले, बागेत वर्ग कोठे भरवणार, मालक जागा देईल का? सरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, विचारून सांगतो. मला उत्तर माहीत नव्हते.

घरी आलो तेव्हा बागेतील खतांच्या पोत्यांची खोली रिकामी होती. पोती आमच्या पडवीत रचलेली होती, पाय ठेवायला जागा नव्हती, आणि अक्का त्याबद्दल मोठ्याने बोलत होती. खोलीच्या भिंतीला, जेथे तराजू टांगायचा आकडा होता, तेथे आबांनी गावच्या सुताराकडून करून घेतलेला फळा टांगला होता. काळा रंग अजून ओला होता. मी तर काही विचारलेही नव्हते. मी आबांना समितीत काय झाले ते सांगितले. ते म्हणाले, “दुपारी उन्हात बसतात पोरं. सावली पाहिजे,” आणि हात धुवायला गेले. तडवी गुरुजींची जागा आणखी एका वर्षासाठी राहिली. आमच्या शेजारच्या दोन बागायतदारांनी, आबांनी जागा दिली म्हणून, आपापल्या बांधावर मांडव घातले. माणसे अशीही शिकतात.

पुढच्या हिवाळ्यात सरांनी पाहणी पुन्हा घेतली. सूचनापत्रक नवे होते. त्यातून ती ओळ गेली होती. मी हजेरीपटावर दर पाचव्या नावाला खूण केली. शोभा रेमसिंग बारेला हे नाव पुन्हा खुणेत आले. हेडमास्तर म्हणाले, शाळेत नाही. मी म्हणालो, ठाऊक आहे, आणि बागेत गेलो.

खोलीत पंधरा-वीस मुले होती. तडवी गुरुजी फळ्यापाशी. दाराबाहेर घड पानांखाली झाकून ठेवलेले. मी भुरीला एकटीला दाराशी बसवले, तिच्या पटावरच्या नावाने हाक मारून. वाचनपत्रक दिले, घड्याळ लावले. तिने पत्रक संपवले. वेगाने नाही, पण थांबली कोठेच नाही. मी आकडा लिहिला. पत्रकाच्या मागच्या बाजूला दुसऱ्या फेरीसाठीचा उतारा होता, तो त्या दिवशी वाचून घ्यायचा नव्हता. तिने पत्रक उलटून पाहिले.

“पुढचं वाचू का?”

त्याच वेळी बांधावर ट्रक आला. त्या दिवशी वॅगन लवकर लागली होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला, परत दिला. माणसे उठली, पाने बाजूला करू लागली, खोलीतली मुलेही उठली. आबा बांधावर होते. ट्रक थांबवून ठेवणे म्हणजे वॅगन चुकवणे, आणि माझ्या जन्मात त्यांनी कधी एका मिनिटासाठीही ट्रक थांबवला नव्हता. त्यांनी दाराकडे पाहिले, भुरीच्या हातातल्या कागदाकडे पाहिले.

“वाच,” मी म्हणालो आणि घड्याळ खिशात ठेवले.

आबा ड्रायव्हरकडे वळले. “बंद कर ते भोंगं,” ते म्हणाले. “पान व्हऊ दे तिचं.”